दृश्य विश्वाच्या सीमेपलीकडे

(मुलुंड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर आपण आपल्या कुलांचा इतिहास, कुलदेवतांची स्थाने, विद्यार्थी सहाय्यक निधी, विवाहकार्यातील अनावश्यक खर्च इत्यादी विषयांवरील व्याख्याने ऐकली आहेत. आज आम्ही निवडलेला विषय यांपैकी कोणत्याही सदरात बसणारा नाही. तो आम्हांस सुचला त्याचे कारण थोडक्यात सांगतो. गेल्या कोजागिरीस एका सभासदांच्या गच्चीवर दूध आटत असता एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "हे सगळे तारे संपल्यावर पुढे काय आहे?" जमलेल्या वडीलधाऱ्यांकडून तिला तीन उत्तरे मिळाली. एकाने सांगितले, पुढे काही नाही. दुसऱ्याने सांगितले, पुढे परमेश्वर आहे. तिसऱ्याने सांगितले की, हे सर्व आपल्या पूर्वजांनी ग्रंथांत लिहून ठेवले आहे, मोठेपणी वाच. तिन्ही उत्तरांचा हेतू एकच होता : मुलीने गप्प बसावे आणि दुधाकडे लक्ष द्यावे. प्रश्न मात्र इतका सोपा नाही, आणि त्यात आपल्या मराठी मुलखातील माणसांनी घातलेली भरही अल्प नाही. म्हणून त्या प्रश्नास काही अधिक आदराने उत्तर द्यावे असे आम्हांस वाटले.

प्रथम 'सीमा' या शब्दाचा अर्थ नीट ठरविला पाहिजे. वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या किनाऱ्यावर उभे राहून आपण समुद्राकडे पाहतो तेव्हा पाणी व आकाश जेथे मिळतात ती रेषा आपल्यापासून सुमारे साडेचार किलोमीटरच असते. समुद्र तेथे संपत नाही, आपली दृष्टी संपते. त्या रेषेवर पोचलेल्या होडीतील नाखव्याला ती रेषा पुन्हा तितकीच पुढे गेलेली दिसते. प्रत्येक पाहणाऱ्याचे क्षितिज त्याचे स्वतःचे असते. वर्सोव्याच्या कोळ्याला क्षितिजापलीकडे समुद्र आहे की नाही, याविषयी शंका येत नाही, कारण तो तेथे जातो आणि मासळी घेऊन परत येतो. विश्वाच्या क्षितिजापलीकडे गेलेली एकही होडी परत येत नाही, आणि यापुढेही येणार नाही. सारी अडचण आहे ती इथे.

ही विश्वाची रेषा कशामुळे निर्माण होते? तर प्रकाशाचा वेग मर्यादित असल्यामुळे. प्रकाश एका सेकंदात तीन लक्ष किलोमीटर चालतो. हा वेग आपणांस प्रचंड वाटतो, परंतु आकाशाच्या मानाने ही गती फारच मंद होय. सूर्याचा प्रकाश आपणांस आठ मिनिटांनी मिळतो. प्रकाश एका वर्षात जे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर अंतर काटतो त्यास एक प्रकाशवर्ष म्हणतात. कन्या राशीच्या दिशेस दीर्घिकांचा जो मोठा समूह आहे, तो आपणांपासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आपण सर्वांनी पाहिली असेल. पश्चिमेच्या वस्तीत उभा असलेला तो काळ्या खडकाचा सरळसोट सुळका, माथ्यावर गावदेवीचे मंदिर. तो खडक लाव्हारसापासून बनला त्यास सहा कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला, असे मानतात. म्हणजे कन्या राशीतील त्या दीर्घिकांचा जो प्रकाश आज रात्री दुर्बिणीत शिरेल, तो निघाला तेव्हा अंधेरीची टेकडी अगोदरच थंड होऊन उभी होती! आकाशात दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

आता विश्वास आरंभ आहे असे धरले, तर प्रकाशास प्रवासाकरिता मिळालेला काळही मर्यादित होतो. सध्याच्या गणनेप्रमाणे हा काळ सुमारे १३८० कोटी वर्षांचा आहे. त्यावरून कोणी म्हणेल की, आपणांस १३८० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचे दिसावे. परंतु प्रकाश वाट चालत असताना वाटच लांबत असते. ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्टीवरून चालणारी मुंगी कल्पावी. ती जितके चालली त्यापेक्षा तिचे निघण्याचे ठिकाण अखेरीस कितीतरी अधिक मागे गेलेले असते. हा ताण हिशेबात घेतला असता दृश्य विश्वाची त्रिज्या आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे भरते. प्रत्यक्षात जो सर्वांत जुना प्रकाश आपणांस मिळतो, तो विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असतानाचा आहे. त्यापूर्वी सारे विश्व तप्त व अपारदर्शक होते, माळशेज घाटातील श्रावणी धुक्यासारखे. धुके निवळले तेव्हा सुटलेला तो प्रकाश ताणला जाऊन आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येत आहे. १९६५ साली अमेरिकेत पेन्झियास व विल्सन यांना तो प्रथम आढळला. जुन्या दूरदर्शनसंचावर केंद्र लागले नाही म्हणजे पडद्यावर जी मुरमुऱ्यांसारखी खरखर दिसे, तिचा थोडासा अंश या आदिप्रकाशाचा असे. गंमत अशी की, हा प्रकाश जेथून निघाला ती जागा त्या वेळी आपल्यापासून केवळ चार कोटी प्रकाशवर्षांच्या सुमारास होती, म्हणजे कन्या राशीतला समूह आज आहे त्याहूनही जवळ!

येथवरचे सर्व पाहिलेले व मोजलेले आहे. यापुढे काय?

हा प्रश्न आपल्या मुलखात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि विचारणारा मनुष्य सामान्य नव्हता. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. या ग्रंथाच्या गोलाध्यायात आकाशकक्षेचा परीघ दिलेला आहे : १८७ कोटी १२ लक्ष ६ हजार ९२० या संख्येस पुन्हा एक कोटीने गुणावे, इतकी योजने. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु आम्हांस खरे मोल वाटते ते आकड्याचे नव्हे, तर त्यानंतर आचार्य काय लिहितात त्याचे. ते म्हणतात की, कोणी यास ब्रह्मांडाच्या कवचाचा वेढा समजतात. पौराणिक पंडित यास दृश्य आणि अदृश्य यांच्या सीमेवरचा पर्वत म्हणतात. गोल जाणणारे कोणी म्हणतात की, सूर्याच्या किरणांनी जेथवरचा अंधार नाहीसा होतो त्या आकाशाचा हा परीघ. आणि स्वतःचे मत? ते असे की, ब्रह्मांड या मापाचे असो वा नसो. एका कल्पात ग्रह जितकी योजने चालतो तितकी ही संख्या आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

'असो वा नसो' या तीन शब्दांवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. परंपरेने आलेला आकडा त्यांनी टाकला नाही, आणि तो ब्रह्मांडाची सीमा आहे अशी शपथही घेतली नाही. जे गणितातून निघते तेवढे आपले म्हणून सांगितले व बाकीचे ज्याचे त्याच्या नावे मांडून ठेवले. कोजागिरीच्या तिसऱ्या उत्तराला आमचे म्हणणे इतकेच की, पूर्वजांच्या ग्रंथांत सर्व काही आहे असे म्हणणारांनी पूर्वजांचे ग्रंथ एकदा वाचावेत. त्यांत आधुनिक विश्वशास्त्र नाही. भास्कराचार्यांना दीर्घिका ठाऊक नव्हत्या, विश्वाचा विस्तार ठाऊक नव्हता, त्यांची पृथ्वी मध्यभागी स्थिर होती. त्यांत आहे तो विचारांचा सचोटीपणा, आणि तो आकड्याहून दुर्मिळ आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९४८ साली इंग्लंडमध्ये हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी स्थिरस्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व विस्तारते हे त्यांस मान्य होते. परंतु विस्तारामुळे जी विरळता यावी ती नव्या द्रव्याच्या निर्मितीने भरून निघते आणि म्हणून विश्व सदासर्वकाळ सारखेच दिसते, त्यास आरंभ नाही व अंत नाही, असे त्यांचे म्हणणे. कोल्हापूरचे जयंत विष्णु नारळीकर हे केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी झाले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही मोठे गणिती; काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासाची परंपराच घातली. १९६४ साली हॉइल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला आणि सव्वीस वर्षांच्या या मराठी तरुणाचे नाव घरोघर पोचले.

स्थिरस्थितीच्या सिद्धांताची आजच्या प्रश्नाच्या संदर्भात एक मोठी मौज आहे. सीमेपलीकडे काय आहे, याचे त्याचे उत्तर एका शब्दाचे होते : हेच. येथे जे आहे तेच तेथे, आज जे आहे तेच काल व उद्या. इतके नेटके उत्तर दुसऱ्या कोणत्याही सिद्धांताने दिलेले नाही, आणि म्हणूनच ते तपासणे शक्य होते. कारण विश्व सर्वकाळ सारखे असेल तर दूरच्या, म्हणजेच जुन्या, दीर्घिकांची वस्ती जवळच्या वस्तीसारखीच दिसली पाहिजे.

ही तपासणी करणारांत एक मुंबईचीच संस्था होती, ही गोष्ट आपल्या उपनगरांतील फार थोड्यांस ठाऊक असेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली आपल्या मुलुंडच्याच मार्गावर पुढे, कल्याणजवळ, पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्यांची ती होती आणि तिने सूर्याचे निरीक्षण केले. तो सराव झाल्यावर १९७० साली निलगिरीत उटकमंड येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. डोंगराचा उतार असा निवडला की, दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर यावा आणि एकाच अक्षावर फिरवून आकाशातील उगमाचा तासन्‌तास माग घेता यावा. चंद्र एखाद्या रेडिओ-उगमाच्या आड गेला म्हणजे त्याची लहर कशी मावळते, यावरून त्या उगमाचा आकार काढण्याची युक्ती त्यांनी चालविली. अशा शेकडो उगमांचे आकार हाती आल्यावर १९७५ साली स्वरूप व विजय कपाही यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : दूरच्या काळातील उगमांची वस्ती आजच्यासारखी नव्हती; विश्व बदलत आले आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची ती ही की, १९७२ पासून नारळीकरही त्याच टाटा संस्थेत प्राध्यापक होते. एकाच छपराखाली एकजण विश्व बदलत नाही असे मानणारा, आणि दुसरे त्याच्या मताविरुद्ध पुरावा गोळा करणारे! आपल्या समाजात एका पंगतीतील मानपानावरून दोन घराणी तीन पिढ्या बोलत नाहीत. तेथे मतभेद मापांवर चालला, आणि संस्था वाढली. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यास 'आयुका' ही संस्था उभारली. स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड मीटरतरंग दुर्बीण उभारली. ती २००१ साली राष्ट्रास अर्पण झाली. स्वरूप २०२० साली निवर्तले, नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात.

आदिप्रकाशाचा शोध लागल्यावर बहुतेकांनी स्थिरस्थितीचा त्याग केला. नारळीकरांनी मात्र १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह तिचे सुधारलेले रूप मांडले आणि अखेरपर्यंत महास्फोटाविषयी शंका विचारण्याचा हक्क सोडला नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे पुरावा त्यांच्या विरुद्ध पडला आहे, आणि हे म्हटल्याने त्यांच्या थोरवीस यत्किंचितही उणेपणा येत नाही. कारण चूक ठरू शकेल असे स्पष्ट विधान करण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

या संदर्भात एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. कार्यकारी मंडळाने क्षमा करावी. २००८ साली नारळीकरांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींच्या सहकार्याने, पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर बुद्धिमान व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका मांडल्या आणि ज्योतिष्यांस विचारले की, यातील बुद्धिमान कोणते ते सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा ४६ भरले. छापा-काटा केला असता तर पन्नास मिळाले असते. याच स्मरणिकेत पुढे वधूवरसूची छापलेली आहे आणि तीत शिक्षणाच्या रकान्याहून गण-नाडीचा रकाना रुंद आहे, एवढेच आम्ही नमूद करतो. सीमेपलीकडच्या विश्वाविषयीचे विधान तपासणे अशक्यप्राय असते, तरी शास्त्रज्ञ त्यातून तपासण्याजोगे काही निघते का, म्हणून आयुष्ये वेचतात. पत्रिकेचे विधान सहज तपासता येते, आणि ते आपण तपासत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. आज शास्त्रज्ञ क्षितिजापलीकडे काय असावे असे म्हणतात? सर्वांत साधे मत हेच की, पलीकडेही दीर्घिकाच आहेत, येथल्यासारख्याच, आणि कोठेतरी एखादा निरीक्षक आपणांस त्याच्या क्षितिजावर ठेवून हाच प्रश्न विचारीत असेल. या मतास आधार असा की, आदिप्रकाश सर्व दिशांनी जवळजवळ एकसारखा येतो. तपमानातील फरक लाखात एखाद्या भागाचा. शिवाय अवकाशास बाक आहे काय हे 'प्लँक' उपग्रहाच्या मापनांवरून पाहिले, तेव्हा तो सपाट असल्याचेच, एक टक्क्याहून पुष्कळ सूक्ष्म मर्यादेत, आढळले. ज्याला मैलभर मैदान तळहातासारखे सपाट आढळते, त्याने पृथ्वी गोल असली तरी फार मोठी असली पाहिजे, असे समजावे. तद्वत विश्व मर्यादित असलेच तर आपल्या दिसणाऱ्या भागाच्या कितीतरी पट मोठे असले पाहिजे. ते अनंत आहे असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. सपाट आणि अनंत यांत अंतर आहे.

एक निराळी शक्यता अशी की, विश्व सपाट असूनही स्वतःशीच जोडलेले असेल. सरळ निघालेला प्रवासी कोठेही न वळता निघाल्या जागी परत येईल. अशा विश्वाला कड नसते आणि पलीकडेही नसते. केशकर्तनालयात समोरासमोर आरसे असले म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या रांगा दिसतात, तशा एकाच प्रदेशाच्या अनेक प्रतिमा आकाशात दिसाव्यात. आदिप्रकाशाच्या नकाशात अशा जुळणाऱ्या वर्तुळांचा शोध घेतला गेला. ती मिळाली नाहीत. आरसे क्षितिजापलीकडे असले तर मात्र ती मिळणारही नाहीत.

तिसरे मत अधिक धाडसाचे. १९८१ साली अ‍ॅलन गुथ यांनी सुचविले की, आरंभीच्या अत्यल्प क्षणात विश्व अतिशय वेगाने फुगले. पुढे लिंडे आदींनी म्हटले की, हा फुगवटा सर्वत्र एकदम थांबला नसेल. उकळत्या दुधातील बुडबुड्यांप्रमाणे जागोजागी थांबला असेल, आणि आपले विश्व हा त्यांतील एक बुडबुडा. शेजारचा बुडबुडा कधी आदळला असेल तर आदिप्रकाशावर त्याचा गोल डाग उमटला पाहिजे. तोही शोधला, खात्रीलायक डाग सापडला नाही.

२००८ साली तर एका अमेरिकन गटाने असे जाहीर केले की, दीर्घिकांचे दूरचे समूह सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने एकाच दिशेने ओढले जात आहेत आणि ही ओढ कदाचित क्षितिजापलीकडच्या द्रव्याची असावी. वृत्तपत्रांत मोठे मथळे आले. २०१३ साली 'प्लँक'च्या अधिक चांगल्या मापनांत अशी ओढ आढळली नाही. त्याचे मथळे आमच्या पाहण्यात आले नाहीत.

सीमा केवळ स्थळाची नसून काळाचीही आहे, हे वर आलेच. त्या कालसीमेपलीकडचा विचार करणारांत धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यातून वाढलेल्या सिद्धांताच्या आधारे २००६ साली त्यांनी पावलोव्स्की व परमप्रीत सिंग यांच्यासह दाखविले की, मागे मागे जाता घनता अनंत होत नाही. एका मर्यादेस पोचून विश्व उसळी घेते. म्हणजे महास्फोटाच्या अलीकडे विस्तार, पलीकडे आकुंचन. गणित देखणे आहे. आकाशात त्याचा पुरावा अजून मिळावयाचा आहे.

मराठी माणसे या क्षेत्रात आजही मागे नाहीत. २०१७ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेस, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधून त्यास 'सरस्वती' हे नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे. या मुलांचे शिक्षण कोणीतरी केले असेल, कोणत्यातरी निधीतून पुस्तकांचा खर्च निघाला असेल. आपल्या विद्यार्थी सहाय्यक निधीच्या अर्जात मात्र 'वैद्यकीय' व 'अभियांत्रिकी' असे दोनच रकाने आहेत, आणि भौतिकशास्त्र अथवा गणित घेणारा अर्जदार 'इतर' या ओळीत आपले नाव लिहितो. ती ओळ बदलावी अशी सूचना आम्ही या सभेपुढे रीतसर ठेवीत आहोत. त्यासाठी पैशाची नव्हे, छापखान्यात एक शब्द बदलण्याची गरज आहे.

शेवटी ज्या एका गोष्टीने आम्हांस या विषयात सर्वांत अधिक अस्वस्थ केले ती सांगतो. १९९८ साली दूरच्या अतिदीप्त ताऱ्यांच्या निरीक्षणावरून असे दिसून आले की, विश्वाचा विस्तार मंदावत नसून वाढत आहे. तसे असेल तर आणखी एक क्षितिज निर्माण होते, पहिल्याहून जवळचे : सुमारे १६०० कोटी प्रकाशवर्षांचे. त्यापलीकडच्या दीर्घिकेतून आज निघणारा प्रकाश आपणांस कधीही मिळणार नाही. आज आपण जी पाहतो ती तिची जुनी छबी; परदेशी गेलेल्या मुलाची जुनी पत्रे येत राहावीत आणि त्याने यापुढे पत्र न टाकण्याचे ठरविले असावे, तसे. दृश्य विश्वातील शेकडा नव्वदांहून अधिक दीर्घिका या रेषेपलीकडे गेलेल्या आहेत.

दहा हजार कोटी वर्षांहून पुढच्या काळात आपली आकाशगंगा, देवयानी व आसपासचे लहान सोबती एवढेच एकत्र राहतील, आणि बाकी साऱ्या दीर्घिका दृष्टीआड होतील. आदिप्रकाशही इतका ताणला जाईल की तो सापडणार नाही. त्या वेळी कोणी खगोलशास्त्रज्ञ असलाच, आणि तो अत्यंत प्रामाणिक व बुद्धिमान असला, तरी त्याला दिसणाऱ्या सर्व पुराव्यावरून तो असेच म्हणेल की, विश्व म्हणजे ही एकच दीर्घिका, सभोवार रिकामा अंधार. त्याचा निष्कर्ष तर्कशुद्ध असेल आणि खोटा असेल. मग ज्यांची पाने अगोदरच फाटून गेली आहेत असे काही आपणही वाचू शकत नसू काय? कोणत्या खुणा आपण जन्मण्यापूर्वीच क्षितिजाआड गेल्या, हे आपणांस कसे कळावे?

अर्थात हेही भाकीत विस्तार असाच वाढत राहील या गृहीतावर उभे आहे. २०२४ व २०२५ साली ॲरिझोनातील 'देसी' प्रकल्पाने लक्षावधी दीर्घिकांची अंतरे मोजून अशी सूचना केली आहे की, विस्तारास रेटणारी ऊर्जा कदाचित काळाबरोबर क्षीण होत असावी. ते खरे ठरले तर वरचे क्षितिजही सरकेल. निर्णय अद्याप लागलेला नाही.

राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडद येथे विज्ञानप्रदर्शन भरते व सामान्य लोकांस दुर्बिणी जवळून पाहता येतात. आपल्या चारही उपनगरांतील मुलांसाठी एक बस काढता आली तर नारायणगावमार्गे जाऊन एका दिवसात परत येणे शक्य आहे. इच्छुकांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत.